उताऱ्याखालचे चार पर्याय

परीक्षा संपल्याची घंटा झाली की केंद्राच्या फाटकाबाहेर दुसरी परीक्षा सुरू होते. 'सातव्याला काय केलंस?' 'ब.' 'ब कसं? क आहे ते!' मग प्रश्नपत्रिकेची घडी उलगडली जाते, दोघांचे चौघे होतात, आणि ज्याचं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं निघतं त्याचा चेहरा उतरतो. गणिताचा पेपर असला तर हा वाद फार टिकत नाही. कुणीतरी कागदाच्या कोपऱ्यावर आकडेमोड करून दाखवतो आणि मिटतं. भाषेच्या पेपरचं तसं नाही. 'उतारा वाचा आणि योग्य पर्याय निवडा' या प्रश्नावरचा वाद घरापर्यंत जातो, कधी शिकवणीच्या सरांपर्यंत जातो, आणि तरीही मिटत नाही. कारण तिथे प्रश्न आकड्याचा नसतो, अर्थाचा असतो. अर्थ कुणाच्या ताब्यात असतो? लिहिणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या, की प्रश्न काढणाऱ्याच्या?

हा वाद एकदा इतका वाढला की एका राज्याच्या शिक्षण आयुक्तांना त्यात उतरावं लागलं. ते राज्य म्हणजे अमेरिकेतलं न्यूयॉर्क, आणि साल २०१२.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आठवीच्या मुलांची राज्यस्तरीय इंग्रजी वाचनाची परीक्षा झाली. पेपर गोपनीय होता. मुलांनी प्रश्नपत्रिका घरी न्यायची नाही, शिक्षकांनी त्याबद्दल बोलायचं नाही, असा दंडक होता. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? बाहेर आल्यावर मुलं एकमेकांना विचारू लागली, 'त्या अननसाचं तू काय लिहिलंस?'

उतारा असा होता. एक बोलका अननस सशाला शर्यतीचं आव्हान देतो. जंगलातले प्राणी विचारात पडतात. ज्याला पाय नाहीत तो धावायची भाषा करतोय, म्हणजे याच्या मनात नक्की काहीतरी डाव असणार. प्राणी अननसाची बाजू घेतात. शर्यत सुरू होते, ससा धावत सुटतो आणि अननस जागचा हलत नाही. ससा जिंकतो आणि प्राणी अननस खाऊन टाकतात. शेवटी तात्पर्य काय, तर अननसाला कुठली आली बाही!

या तात्पर्यात एक इंग्रजी वाक्प्रचार दडलेला आहे. मनात छुपा डाव असणं याला इंग्रजीत बाहीत काहीतरी लपवणं म्हणतात. पत्त्यांच्या खेळात बाहीत पान लपवणाऱ्यावरून ते आलं असावं. आपल्याकडे 'अस्तनीतला निखारा' आहे, तसंच काहीसं. मराठी नव्याने शिकणाऱ्या मुलाला आपण 'अस्तनीतला निखारा' म्हटलं, तर 'सदरा जळत कसा नाही?' असं ते विचारील आणि त्यात त्याची काही चूक नसेल. न्यूयॉर्क शहरात तर घरी स्पॅनिश, चिनी, बंगाली, अरबी बोलणारी मुलं वर्गावर्गात बसलेली असतात.

उताऱ्याखाली सहा प्रश्न होते. त्यातले दोन फार गाजले. पहिला : प्राण्यांनी अननस का खाल्ला? चिडून, गंमत वाटून, भुकेने, की उत्साहाच्या भरात? दुसरा : सर्वांत शहाणपणाचं कोण बोललं? ससा, मूस नावाचं सांबरासारखं मोठं जनावर, कावळा, की घुबड?

मोठ्या माणसांनाही यावर एकमत करता येईना. कुणी म्हणे, जनावरं भूक लागल्याशिवाय खातात का? कुणी म्हणे, ज्याची बाजू घेतली तो हरला म्हणजे चिडलेच असणार. हुशार मुलांची अडचण आणखी वेगळी होती. गोष्ट विनोदी आहे हे त्यांना कळलं होतं. पण गमतीच्या गोष्टीतून 'बरोबर' उत्तर काढायचं, तर आपल्याला काय वाटतं हे बाजूला ठेवावं लागतं आणि पेपर काढणाऱ्याला काय वाटलं असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

मुलांनी घरी सांगितलं, पालक चक्रावले, गोष्ट वृत्तपत्रांत आली, आणि २० एप्रिल २०१२ रोजी राज्याचे शिक्षण आयुक्त जॉन किंग यांनी जाहीर केलं, की या उताऱ्यावरच्या प्रश्नांचे गुण धरले जाणार नाहीत. परीक्षा तयार करणाऱ्या पीअर्सन या कंपनीशी राज्याचा पाच वर्षांचा, सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचा करार होता. कंपनीने उत्तरांचं समर्थन केलं. प्राणी चिडले होते, आणि घुबड शहाणं, कारण अननसाला बाही नसते हे वस्तुस्थितीला धरून असलेलं वाक्य घुबडाच्या तोंडी आहे आणि तेच कथेचं तात्पर्यही आहे, असा तो युक्तिवाद होता.

आता मूळ लेखकाचं ऐका. डॅनियल पिंकवॉटर हे मुलांसाठी लिहिणारे अमेरिकन विनोदी लेखक. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बोर्गेल' या कादंबरीत ही गोष्ट येते, पण तिथे शर्यत ससा आणि वांगं यांच्यात आहे. परीक्षेसाठी उतारा वापरायचे हक्क विकत घेतल्यावर वांग्याचा अननस झाला, बाकीचेही बदल झाले. पिंकवॉटर यांनी हसत सांगितलं, की ती गोष्टच मुळात निरर्थक आहे, गंमत म्हणून लिहिलेली. हा उतारा त्याआधी इतर राज्यांच्या परीक्षांतही येऊन गेला होता आणि तिथली मुलं लेखकालाच पत्र लिहून उत्तर विचारत होती. म्हणजे ज्याने गोष्ट लिहिली त्याला उत्तर माहीत नाही, ज्यांनी वाचली त्यांना माहीत नाही. उत्तर फक्त एका गुप्त कागदावर आहे.

हसण्यासारखा प्रकार आहे खरा, पण मुलांच्या डोक्यावरचं ओझं हसण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू नये, हा त्याचा हेतू. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचनाची आणि गणिताची परीक्षा सक्तीची झाली. गुण कमी पडले तर शाळेवर कारवाई, वेळ पडल्यास शाळेची पुनर्रचना. न्यूयॉर्क शहरात मुलांना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णयही या गुणांशी जोडला गेला होता. त्याच २०१२ सालच्या फेब्रुवारीत शहरातल्या सुमारे १८ हजार शिक्षकांची, मुलांच्या गुणांवरून काढलेली प्रतवारी त्यांच्या नावांसह वर्तमानपत्रांत आली. म्हणजे अननस का खाल्ला याच्या उत्तरावर मुलाचं वर्ष, शिक्षकाची अब्रू आणि शाळेचं भवितव्य टांगलेलं होतं.

वाचनाला असे चार पर्याय कधी चिकटले, हे पाहायला मागे जावं लागतं.

फार जुन्या काळी वाचनाची परीक्षा म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. आपल्या पंतोजींच्या शाळेत तेच, मक्तबात तेच आणि युरोपातही तेच. १८४५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात होरेस मान यांच्या प्रेरणेने पहिल्यांदा तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्न देऊन पाचशेहून अधिक मुलांची लेखी परीक्षा घेतली गेली. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. निकाल वाईट लागला आणि मुख्याध्यापक खवळले. शाळेचं मोजमाप कागदावरच्या गुणांनी होऊ शकतं ही कल्पना तिथे रुजली.

इंग्लंडने पुढचं पाऊल टाकलं, आणि ते पैशाचं होतं. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी आणलेल्या नियमांनुसार शाळेचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणिताच्या निकालावर अवलंबून राहिलं. तपासनीस वर्षातून एकदा यायचा, मूल वाचनात नापास झालं की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडायचे. मग शिक्षकांनी काय केलं असेल? वर्षभर एकच वाचनमाला घोकून घेतली. पुस्तक उलटं धरूनही धडाधड 'वाचणारी' मुलं भेटल्याचे किस्से तपासनिसांनी लिहून ठेवले आहेत. या पद्धतीच्या विरोधात ज्यांनी लेखणी उचलली, त्यात मॅथ्यू अर्नोल्ड होते. इंग्रजीतले नावाजलेले कवी, आणि पस्तीस वर्षं पोटासाठी शाळा तपासनिसाची नोकरी केलेले. शाळांमधून वाचनातला जीव निघून जातोय हे त्यांनी सरकारी नोकरीत राहून सरकारला सांगितलं. कवीला कुठे नोकरी मिळाली तर ती अशी मिळावी आणि त्याने ती अशी करावी!

लेखी परीक्षा आली तरी तपासणारा माणूसच होता, आणि माणूस म्हटला की लहर आली. १९१२ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी, स्टार्च आणि एलियट यांनी, इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरापैकी कुणी ५० गुण दिले, कुणी ९७. उत्तरपत्रिका तीच! ज्या मुलाच्या नशिबी ५० वाला शिक्षक आला त्याने काय करायचं?

या अन्यायावर उपाय शोधणारा माणूस होता फ्रेडरिक केली. कॅन्ससमधल्या एम्पोरिया इथल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत ते काम करत. शिक्षकांनी दिलेल्या गुणांतली तफावत हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९१५ च्या सुमारास त्यांनी 'कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट' तयार केली. मूक वाचनाची चाचणी, वेळ पाच मिनिटं. प्रश्न असे, की ज्यांचा एकच अर्थ निघेल आणि ज्यांचं एकच उत्तर असेल. अर्धं बरोबर वगैरे काही नाही. त्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा ही नावं दिलेली, शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याभोवती रेघ ओढायची. जगभरच्या बहुपर्यायी परीक्षांचं मूळ बहुतेक अभ्यासक या चाचणीत शोधतात.

केली यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तपासणाऱ्याचा राग-लोभ गुणांत उतरू नये, शिक्षकाचा वेळ वाचावा, गावातल्या आणि शहरातल्या मुलाला एकाच फूटपट्टीने मोजावं, ही त्यांची तळमळ होती. 'गाय' या उत्तराबद्दल वाद व्हायचं कारणही नाही. पण गाईच्या प्रश्नासाठी बनवलेली फूटपट्टी पुढे गोष्टीला लागली, कवितेला लागली, विनोदाला लागली.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यभरतीत १७ लाखांहून अधिक जवानांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. युद्ध संपल्यावर तेच तंत्र शाळांत आलं. तपासायला माणसं पुरेनात. तेव्हा मिशिगनमधल्या रेनल्ड जॉन्सन या विज्ञान शिक्षकाने यंत्र शोधलं. पेन्सिलच्या शिशातून वीज वाहते, हे त्याचं तत्त्व. योग्य जागी पेन्सिलची खूण असली की विद्युतप्रवाह जातो आणि गुण मोजला जातो. आयबीएम कंपनीने जॉन्सन यांना नोकरीत घेतलं आणि १९३८ साली हे यंत्र बाजारात आणलं. आपली मुलं आज ओएमआर शीटवर जे गोल काळे करतात, त्यांचं कूळ तिथपर्यंत जातं. पुढे प्रकाशाने खुणा वाचणारी यंत्रं आली, वीज गेली, पण गोल राहिले.

ज्या १९१५ सालच्या सुमारास कॅन्ससमध्ये एका उताऱ्याला एकच उत्तर असा नियम ठरत होता, त्याच १९१५ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचं 'गीतारहस्य' प्रसिद्ध झालं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे एका फार जुन्या मजकुराचा नवा अर्थ. आधीच्या आचार्यांनी गीतेत संन्यास पाहिला, भक्ती पाहिली. टिळकांनी कर्मयोग पाहिला. त्याआधी सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनी त्याच ग्रंथावर मराठीत भावार्थदीपिका लिहिली होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' रचला, तोही आपल्या वाचनातून आणि साधनेतून. मुस्लिम परंपरेत तफसीरची, म्हणजे भाष्याची, स्वतंत्र विद्याशाखाच आहे. मुशायऱ्यात एखाद्या शेराचे दोन अर्थ निघाले तर श्रोते 'मुकर्रर' म्हणतात. तिसरा निघाला तर शायराचा मान वाढतो. गझलवाल्याला कुणी 'योग्य पर्याय निवडा' म्हटलं तर तो वही मिटून उठेल.

म्हणून काय वाटेल तो अर्थ लावावा का? नाही. भाष्यकाराला शब्द दाखवावा लागतो, संदर्भ द्यावा लागतो, आधीच्यांचं म्हणणं मांडून खोडावं लागतं. टिळकांनी शेकडो पानं त्यासाठीच खर्च केली. उत्तर एकच असावं असा आग्रह नव्हता. उत्तराला आधार असावा असा होता. केलींच्या चाचणीने पहिला आग्रह धरला आणि दुसरा सोडला. गोल काळा करणाऱ्या मुलाला 'का?' असं कुणी विचारतच नाही.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून होते आहे. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला आली. खेड्यापाड्यातल्या किती मुलांना या परीक्षेने पहिल्यांदा तालुक्याचं गाव दाखवलं! आणि एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ओएमआर शीटला आडनाव वाचता येत नाही. यंत्राला जात कळत नाही, धर्म कळत नाही, वस्ती कळत नाही. मोमीनपुऱ्यातल्या मुलीचा काळा गोल आणि सदाशिव पेठेतल्या मुलाचा काळा गोल त्याला सारखाच. तोंडी परीक्षेत, मुलाखतीत ज्यांना कधी काळी डावललं गेलं, त्यांच्यासाठी हे थोडंथोडकं नाही. बहुपर्यायी परीक्षेला नावं ठेवताना हे विसरणं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

पण फूटपट्टी सरळ असली तरी तिने काय मोजतो हा प्रश्न उरतोच. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' हा पेपर आणला. त्यात उताऱ्यांवरचे बहुपर्यायी प्रश्न मोठ्या संख्येने होते. उतारे मूळ इंग्रजीत आणि सोबत हिंदी भाषांतर. भाषांतर इतकं बोजड, की हिंदी माध्यमाचे विद्यार्थी अर्थ लावण्यासाठी शेजारचा इंग्रजी मजकूर पाहत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांपुढे तर दोन्ही परक्या भाषा. २०१४ साली दिल्लीत मोठं आंदोलन झालं. त्या वर्षी इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण धरले गेले नाहीत, आणि २०१५ पासून हा पेपर ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरता राहिला. न्यूयॉर्कच्या अननसाची आणि या उताऱ्यांची जात एकच. वाचता येतं का हे पाहायच्या नावाखाली, अमुक घरातली भाषा येते का हे पाहिलं जात होतं.

एका बाबतीत मात्र आपल्याकडची व्यवस्था न्यूयॉर्कपेक्षा मोकळी आहे. राज्याची परीक्षा परिषद शिष्यवृत्तीची अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, त्यावर आक्षेप मागवते आणि मग अंतिम सूची येते. राज्य लोकसेवा आयोगाचीही अशीच रीत आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांत उत्तरसूची आल्याच्या रात्री काय वातावरण असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. संदर्भग्रंथ उघडले जातात, पुरावे जोडले जातात, आक्षेप दाखल होतात. कधी उत्तर बदलतं, कधी प्रश्नच रद्द होतो. एका गुणासाठी वर्ष जाणाऱ्या मुलांचा हा आटापिटा आहे, त्यात आनंद कमी आणि धास्ती जास्त. तरीही फाटकाबाहेरच्या वादाला इथे दप्तरी स्थान मिळालंय, ही लहान गोष्ट नाही.

न्यूयॉर्कच्या मुलांना तसं स्थान नव्हतं. पेपर गुप्त, उत्तर गुप्त. त्यांच्याकडे एकच साधन होतं, एकमेकांना विचारणं. तेवढ्यावर त्यांनी सहा प्रश्न रद्द करायला लावले. पुढे पालकांची नाराजी वाढत गेली आणि २०१५ साली त्या राज्यातल्या सुमारे दोन लाख मुलांनी, म्हणजे पाचातल्या एकाने, राज्याच्या परीक्षेला बसायलाच नकार दिला. त्याच वर्षी राज्याने नव्या परीक्षांचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला दिलं. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या नव्या केंद्रीय कायद्याने वार्षिक परीक्षा ठेवल्या, पण शिक्षकांचं मूल्यमापन कसं करायचं हे राज्यांवर सोपवलं.

आपल्याकडे 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. तिची वाचन-चाचणी अगदी साधी. कार्यकर्ता घरी येतो, मुलासमोर बसतो, अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतो. पर्याय नाहीत, गोल नाहीत. त्यातून मुलाला वाचता येतं की नाही एवढं कळतं, आणि तेवढंच सांगितलं जातं. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे देशाला या चाचणीने सांगितलं. मोजण्याला माझा विरोध नाही, तो याचसाठी. अक्षर ओळखता येतं का, हे मोजलंच पाहिजे. गोष्टीतला प्राणी का वागला, हे मात्र मोजायचं कमी आणि बोलायचं जास्त असतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. पेपर देऊन आलेल्या मुलाला 'किती बरोबर आले?' एवढंच विचारून थांबू नका. उत्तरसूची हातात असली तरी क्षणभर ती बाजूला ठेवा. 'तू ब का केलंस?' असं विचारा. मूल उताऱ्यातली ओळ बोटाने दाखवील, शब्दाचा अर्थ सांगील, कदाचित आपल्याला न सुचलेलं काहीतरी बोलेल. गुण द्यायचा अधिकार आपल्या हातात नसेल, पण ऐकून घ्यायचा आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच उतारा फळ्यावर घेतला आणि 'ब' वाल्यांना आणि 'क' वाल्यांना समोरासमोर बसवलं, तर तासभर मुलं जे करतील त्यालाच वाचन म्हणतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)